फाटकावरची पोपची वाक्यं

नाहूर,
१७ नोव्हेंबर १९८५

चि. बेनीस,

म्हणजे यापुढे रेव्हरंड सिस्टर बेनिता, ॲडमिनिस्ट्रेटर, सांता लुसिया इस्पितळ, मुलुंड, यांस मोठ्या बहिणीचा स.न.वि.वि. आशीर्वादच लिहिणार होते, पण तो मक्ता तुमच्या लोकांकडे आहे.

तुला बढती मिळाल्याचं गोराईहून आईनं कळवलं. अकरा वर्षं मुलांच्या वॉर्डात नाकं पुसलीस, आता खुर्ची, पंखा आणि दारावर पाटी. झकास. परवा संध्याकाळी पेढे घेऊन मी स्वतः आले होते. तुझ्या वॉचमननं फाटकावरच थांबवलं. युनियनच्या बाईला आत सोडू नये असा लेखी हुकूम आहे म्हणे. बिचारा फार ओशाळला. पेढे त्यालाच दिले. तोही आमचा सभासद आहे.

नाहूर ते मुलुंड एक स्टेशन, पण मधे फाटक आलं, म्हणून सख्ख्या बहिणीला पोस्टाचं तिकीट लावून लिहिते. माझं नेहमीचंच चाललंय. दिवसा म्युनिसिपालिटीत कारकुनी, संध्याकाळी क्रांती. तुझे भावोजी मिल बंद पडल्यापासून घरी होते, ते आता घाटकोपरच्या एका सोसायटीत वॉचमन लागले. संपाच्या काळात गेटबाहेर उभं राहण्याचा दांडगा अनुभव होता, त्यावर नोकरी मिळाली असं सहदेव स्वतःच सगळ्यांना सांगतो.

आता कामाचं. तुमच्या इस्पितळातल्या अठ्ठावन्न आया, वॉर्डबॉय आणि सफाईवाल्यांपैकी एक्केचाळीस जणांनी आमच्या युनियनचे फॉर्म भरलेत. सेक्रेटरी या नात्यानं मी मॅनेजमेंटला रीतसर पत्र धाडलंय. तुमच्या पोपनं १८९१ सालीच जगाला लिहून कळवलं होतं, की संघटना करणं हा कामगाराचा नैसर्गिक हक्क आहे. चौऱ्याण्णव वर्षं झाली. टपालाचा उशीर धरला तरी ते एव्हाना मुलुंडला पोचायला हवं होतं.

लोभ आहेच. तो वाढवायला मॅनेजमेंटची परवानगी लागत नसेल तर वाढव.

तुझी,
रेजिना

*

मुलुंड,
२५ नोव्हेंबर १९८५

ख्रिस्तात प्रिय रेजिनाबायला बेनीचा नमस्कार.

येशूची शांती तुझ्या घरी असो. येशू नको असेल तर नुसती शांती ठेवून घे, तुझ्या शेजाऱ्यांना तिची गरज आहे.

पेढ्यांबद्दल आभार. वॉचमननं त्यातला एक मला आणून दिला. हुकूम आत न सोडण्याचा होता, पेढ्याचा त्यात उल्लेख नव्हता.

पोपचं पत्र तू पुन्हा अर्धंच वाचलंस. त्याच पत्राच्या सुरुवातीला समाजवाद हे खोटं औषध असल्याचं सविस्तर सांगितलंय. पुढची पानं सोडून मागची वाचायची, ही तुझी चर्चमधल्या कॅटेकिझमच्या वर्गापासूनची खोड. गेल्याच वर्षी रोमनं बजावलं, की मार्क्सचं विश्लेषण हाती धरलं की नास्तिकपण मागोमाग घरात शिरतं. तुझ्याकडे आधी सहदेव शिरले, मग विश्लेषण, मग नास्तिकपण. क्रम वेगळा, निदान तेच.

बाय, हे इस्पितळ आहे, कारखाना नाही. इथे नफा नाही आणि मालकही नाही. मालक वर्ग शोधायलाच निघालीस तर तीन पांढऱ्या झग्यांची मालकीण म्हणून मलाच धरावं लागेल. आम्ही एक कुटुंब आहोत. निदान मी तसं समजत होते. तुझ्या यादीत अंजनाबाईचं नाव पाहिलं आणि वाईट वाटलं. एकोणीस वर्षं प्रसूती वॉर्डात आया आहे. मी इथे नवखी आले तेव्हा तासाभराचं मूल कसं धरायचं ते मला तिनं शिकवलं. तिला बोलावून विचारलं, की कुटुंबात युनियन कशाला. तिनं शांतपणे विचारलं, की कुटुंब आहे तर एकोणीस वर्षं आम्ही जिन्याखाली फरशीवर बसून का जेवतो. मी दोन बाकं मागवली. वर्गसंघर्षाचा विजय म्हणून नोंद करायची असेल तर कर.

वकिलांचं म्हणणं आहे, की युनियनला मान्यता द्यायची नाही आणि युनियनच्या कुणाला खाजगीत भेटायचं नाही. पत्रांबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून हे लिहिते.

तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे. तुला न विचारता करते, राग मानू नकोस.

तुझीच,
बेनी

*

नाहूर,
९ डिसेंबर १९८५

सिस्टर,

आज चि. नाही आणि स.न.वि.वि.ही नाही.

काल अंजनाबाईला तुमचा कागद मिळाला. बाळंतिणींच्या नातेवाइकांकडून बक्षिसी उकळते, सबब सेवा समाप्त. चौकशी नाही, साक्षीदार नाही. मुलगा झाला की लोक आयांच्या हातावर पेढा आणि वर काहीतरी ठेवतात, हे तुमच्या इस्पितळाच्या भिंतींनाही ठाऊक आहे. तेच लोक डॉक्टरांच्या घरी मिठाईची टोपली पाठवतात, तेव्हा त्याला स्नेह म्हणतात. एकोणीस वर्षं कुणाला न दिसलेली बक्षिसी युनियनचा फॉर्म भरल्यावर महिन्याच्या आत दिसली. चमत्कारांची चौकशी करून नोंद ठेवायची तुमच्याकडे पद्धत आहे ना, हा रोमला पाठवा.

चार वर्षांपूर्वी तुमच्या सध्याच्या पोपनं लिहिलं, की भांडवलापेक्षा श्रम मोठे आणि काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नसतो. आमच्या अभ्यास मंडळात मी ते नाव न सांगता वाचलं, तर निम्म्यांना वाटलं हा कुणीतरी आपल्यातलाच.

कागद इंग्रजीत होता. अंजनाबाईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती तो घेऊन नाहूरला माझ्या घरी आली. मी वाचून मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, सही कुणाची. मी म्हटलं, मॅनेजमेंटची. ती म्हणाली, मॅनेजमेंटला हात नसतात, माणसाचं नाव सांग.

मला सांगवलं नाही गं.

रेजिना

*

गोराई,
१८ डिसेंबर १९८५

माझ्या दोन्ही लेकींना आईचे आशीर्वाद.

दोघींना एकच पत्र. वनमाला टीचर मधे कार्बन घालून लिहितायत. वेगवेगळी पत्रं सांगायची तर मला दोनदा रागवावं लागेल, तेवढा दम आता उरला नाही. गुडघे तसेच आहेत.

अंजनाचं मला मालाडहून कळलं. बेनी, अंजना मार्व्याची, कमळची पोर. कमळ आणि मी मालाडच्या बाजारात एका ओळीत बसलो, ती म्हावरं घेऊन, मी पडवळ-दोडकी घेऊन. मी पाणी प्यायला उठले तर माझी टोपली तिनं राखायची, ती उठली तर तिची मी. एक भोपळा कधी कमी झाला नाही. त्या घरातली पोर हात पसरते असं लिहिणाऱ्या पोरीला मी शाळेत घातलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि रेजिना, तू हसू नको. अंजनाला फॉर्म भरायला लावलास, तेव्हा पुढे काय होऊ शकतं ते तिला सांगितलं होतंस का? का तुझ्या पक्षालाही हुतात्मे लागतात? आमच्या देवळात भिंतीवर भरपूर आहेत, आणखी नकोत.

नाताळला दोघी येणार असाल तर नेवऱ्या करते. एकटी कुणी आली तर दार उघडणार नाही.

तुमची आई

(ता.क. आईंचे काही शब्द मी गाळले आहेत. मला शाळेत शिकवायचं असतं. वनमाला)

*

मुलुंड,
२ जानेवारी १९८६

प्रिय रेजिनाबाय,

नव्या वर्षाचा नमस्कार. नाताळला तू सकाळी येऊन गेलीस, मी संध्याकाळी पोचले. आईनं दोन्ही वेळा दार उघडलं आणि नेवऱ्याही दिल्या. तत्त्वावर ठाम राहणं आपल्या घरात कुणालाच जमत नाही.

सही माझीच. प्रॉव्हिन्शियल मदर, म्हणजे आमच्या मुंबईतल्या सगळ्या कॉन्व्हेंटांच्या मुख्य, यांनी टाइप केलेला कागद समोर ठेवला. मी विचारलं, चौकशी झाली का. त्या म्हणाल्या, आज्ञापालनाचं व्रत तू प्रश्नचिन्ह लावून घेतलं नव्हतंस. मी सही केली. तुमच्या पक्षात यालाच लोकशाही केंद्रीकरण म्हणतात असं ऐकते. आमच्याकडे नुसतं केंद्रीकरण आहे, लोकशाहीचा त्रास नाही.

पण तू माझ्याकडे एवढं बोट दाखवतेस, तर एक गोष्ट तुलाही कळू दे. गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत गुणाजी नावाचे गृहस्थ आले. घाटकोपरच्या ज्या छापखान्यात तुमच्या पक्षाचं साप्ताहिक छापतात, तिथे ते बावीस वर्षं शिशाचे खिळे जुळवतात. हात थरथरतात, हिरड्यांवर निळी रेघ आहे. शिसं अंगात भिनलंय. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. ते म्हणाले, रजा मिळत नाही, कारण हजेरीपटावर नावच नाही, ते पक्षाचे सहप्रवासी आहेत. रजा मागितली तेव्हा छापखाना चालवणाऱ्या कॉम्रेडनी त्यांना त्यागाचं महत्त्व समजावलं. त्यागाची प्रवचनं आमच्याकडेही होतात, बाय. पण आम्ही बदल्यात निदान स्वर्ग तरी कबूल करतो. तुमच्याकडे तोही नाही.

त्यांना आम्ही औषध फुकट दिलं. दानधर्म ही अफू असते, ठाऊक आहे मला. रोज दोन गोळ्या, जेवणानंतर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

बेनी

*

नाहूर,
१५ जानेवारी १९८६

चि. बेनीस अनेक आशीर्वाद. (मक्ता तुमच्याकडे असला तरी एक दिवस आमचाही.)

उत्तराला उशीर झाला, कारण तू खोटी ठरावीस असं मला फार वाटत होतं. त्यासाठी तीन वेळा छापखान्यात गेले. तू खोटी नाहीस. हिरड्यांवरची रेघ मी पाहिली. चौदा वर्षं त्या साप्ताहिकात मी कामगारांच्या आरोग्यावर लिहितेय आणि चौदा वर्षं गुणाजी माझे ते शब्द शिशात जुळवतोय. एकदाही मी तो खिळे जुळवतो त्या फळीच्या मागे डोकावले नाही.

कमिटीत विषय काढला. आधी विचारणा झाली, की ही माहिती कुणी पुरवली. एका ननने, म्हटल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं, कारण मग माहिती खरी आहे का हे बघायची गरज उरली नाही. शेवटी एक ज्येष्ठ कॉम्रेड म्हणाले, की छापखाना हा उद्योग नाही, ती चळवळ आहे, एक कुटुंब आहे. मला तुझंच वाक्य आठवलं. तुम्हा दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी, जन्माची मैत्री होईल. मी उभी राहिले ती खाली बसले नाही, म्हणून गुणाजीला तीन आठवड्यांची रजा मिळाली. हजेरीपटाचं बघू, असं ठरलं.

आईचं म्हणणंही खरं. अंजनाबाईला मी धोका सांगितला नव्हता. तिच्याकडे जाऊन तसं कबूल केलं. ती म्हणाली, धोका मला तुझ्या आधी कळला होता, तू मोठेपणा घेऊ नको.

आता एक सूचना, बहीण म्हणून आगाऊ देते. ६ फेब्रुवारीला तुमच्या मदर जनरल रोमहून इस्पितळ बघायला येतायत. पोप मुंबईत येणार म्हणून सगळं वऱ्हाड आधी येतंय. त्या दिवशी ज्यांची ड्यूटी नसेल त्या आया फाटकाबाहेर रस्त्याकडेला उभ्या राहतील. घोषणा नाहीत, लाल बावटा नाही. हातात फलक, आणि फलकावर फक्त तुमच्या पोपांची वाक्यं. पोलिसांना जप्त करायचं असेल तर पोपला जप्त करावं लागेल.

तू त्या दिवशी आजारी पड. पडता येत नसेल तर निदान मागच्या दारानं ये-जा कर.

तुझी,
रेजिना

*

मुलुंड,
७ फेब्रुवारी १९८६

प्रिय बाय,

काल तुला पोलिसांनी रस्त्यापलीकडे उभं केलं होतं, त्यामुळे तुला दिसलं पण ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते. मी आजारी पडले नाही. जमलं नाही.

आधी एक सांगते. तुझ्या पत्रानंतर मी पोपचं ते चार वर्षांपूर्वीचं पत्र शोधायला आमच्या वाचनालयात गेले. कपाटात होतं. कव्हर घातलेलं, नंबर टाकलेला, आणि आत कार्ड कोरं. चार वर्षांत एकीनंही नेलं नव्हतं. तुमच्या दाढीवाल्याला आम्ही निदान बंदी घालण्यापुरतं तरी चाळतो, आमच्याच माणसाला तेवढाही मान नाही. मी ते दोनदा वाचलं. एक वाईट झालं, की मला ते पटलं.

तर काल. मदर जनरल गाडीतून उतरल्या आणि रस्त्याकडेच्या बायका पाहून विचारू लागल्या, की ह्या आपल्या स्वागताला आल्यात का. प्रॉव्हिन्शियल मदर हो म्हणाल्या. फलक मराठीत होते, तेव्हा ते खपलंही असतं. पण मदर जनरलनी मागे वळून मला विचारलं, की काय लिहिलंय. भाषांतर करणं हे काही पाप नव्हे. मी एकेक फलक इंग्रजीत सांगत गेले. तिसऱ्याला त्यांनी मला थांबवलं आणि पुढचे शब्द स्वतःच म्हटले. त्यांना पाठ होते. मग त्यांनी विचारलं, की हा फलक धरणारी बाई कोण.

मी म्हणाले, “मदर, ही अंजनाबाई. हिला मी खोटं कारण देऊन कामावरून काढलं.”

इंग्रजीत ते वाक्य फारच लहान झालं. मला वाटलं होतं तोंडातून निघायला तास लागेल.

मग पुढे काय झालं असं तुला वाटतं? काही नाही. त्यांनी मान हलवली, आत आल्या, प्रार्थना केली, चहा घेतला आणि बागेतल्या गुलाबांची चौकशी केली. क्रांती झाली नाही, चहा झाला. संध्याकाळी मला एक चिठ्ठी मिळाली, की सिस्टर बेनिता फार थकलेल्या दिसतात. मी अजिबात थकलेले नाही. डिसेंबरपासून पहिल्यांदाच मला नीट भूक लागली.

तू पलीकडून हात केलास तो मी पाहिला. उत्तर दिलं नाही, कारण माझ्या दोन्ही हातांत मदर जनरलचे पुष्पगुच्छ होते. तो हात इथे केला असं समज.

बेनी

*

नाहूर,
४ मार्च १९८६

प्रिय थकलेल्या बेनीस,

पत्र सहा वेळा वाचलं. सहदेवनं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधेच चष्मा पुसायला उठला. त्याला चष्मा नाही.

तुमच्या बाजूचा निकाल तुला कळलाच असेल. मॅनेजमेंटनं अंजनाबाईला ‘दयाबुद्धीनं’ परत घ्यायचं ठरवलं. आरोप जिथल्या तिथे ठेवून वर दया. मी म्हटलं, घे, बाकीचं लेबर कमिशनरकडे लढू, घरी चूल पेटायला हवी. सध्या ती मालाडच्या बाजारात कमळच्या जागेवर टोपली घेऊन बसते. तिनं तो दयेचा कागद मला परत दिला आणि म्हणाली, “चूक त्यांची, आणि दया माझ्यावर?” आरोप खोटा होता असं मराठीत लिहून दिलं तरच ती येईल म्हणते. मी पंचवीस वर्षं भाषणं करतेय, मला हे वाक्य सुचलं नसतं.

आमच्या बाजूचा निकाल ऐक. पक्षानं मला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. आरोप असा, की कामगारांच्या हातात धर्मगुरूंची वचनं देऊन वर्गीय जाणीव बोथट केली. एका तरुण कॉम्रेडनं उभं राहून सांगितलं, की ती वाक्यं मार्क्सच्या अगदी जवळची होती. त्यावर अध्यक्ष म्हणाले, म्हणूनच ती जास्त धोक्याची. रोमनं काढलेलं ते फर्मान तू मला गेल्या वर्षी सांगितलं होतंस ना, त्यात फक्त नावं उलटी घातली की आमचा ठराव तयार. कागदसुद्धा वाचवता आला असता.

गुणाजीचं नाव मात्र हजेरीपटावर चढलं. मला काढायच्या आदल्या दिवशी. एका हातानं देतात ते दुसऱ्या हाताला कळू नये, असं तुमच्याकडे सांगतात, ते आमचे लोक पाळतात.

आता मी ना देवाची, ना पक्षाची. घरात पसारा फार झालाय, तो आवरते.

माया आहे तशी ठेव.

रेजिना

*

मुलुंड,
२० मार्च १९८६

प्रिय बाय,

साष्टांग नाही, पण मनापासून नमस्कार.

मी लिहून दिलं. इस्पितळाच्या कागदावर, मराठीत, कुणाला न विचारता. अंजनाबाईवरचा आरोप खोटा होता, चौकशी झालेली नव्हती, ती युनियनमध्ये गेली म्हणून तिला काढलं, आणि त्या कागदावर सही करणारी मी होते. खाली पुन्हा सही. एक प्रत तिला, एक नोटीस बोर्डावर, एक लेबर कमिशनरच्या ऑफिसात. बोर्डावरची प्रत अर्ध्या तासात काढली गेली, पण अर्धा तास दुपारच्या जेवणाचा होता आणि तुझे सभासद सगळे वाचायला उभे होते.

सोमवारी ती कामावर आली. कागद माझ्यासमोर दोनदा वाचला, घडी करून पोलक्यात ठेवला. मी काहीतरी बोलायची तयारी करून आले होते. तिनं विचारलं, की बारा नंबरच्या बाळंतिणीला गरम पाणी गेलं का. गेलं नव्हतं. आम्ही दोघी पाणी घेऊन गेलो.

युनियनला मान्यता अजून नाही, पण वकील आता ‘नाही’च्या जागी ‘विचाराधीन’ लिहितात.

माझी बदली झाली. ईस्टरनंतर डहाणूच्या आत कोसमपाडा नावाच्या आदिवासी पाड्यावर, दोन खोल्यांच्या दवाखान्यात. प्रॉव्हिन्शियल मदर म्हणाल्या, गरिबांची एवढी ओढ आहे तर गरिबांकडेच जा. त्यांच्या मते ही शिक्षा, माझ्या मते हे बक्षीस. म्हणून दोघी अगदी मनापासून हसलो. तो भाग म्हणे लाल बावट्याचा जुना मुलूख आहे. तुझ्यापासून लांब जाते असं समजू नकोस.

आईला तूच सांग. मला भीती वाटते.

बेनी

*

कोसमपाडा, ता. डहाणू,
८ मे १९८६

प्रिय रेजिनाबायला बेनीचा नमस्कार, वि. वि.

चेष्टा करायला आज वेळ थोडा आहे.

दवाखाना उघडून महिना झाला. पेशंट आले चार, त्यात एक शेळी. इथले कार्यकर्ते खंडू म्हणून आहेत. अनवाणी वीस-वीस मैल चालतात, त्यांनीच इथल्या मजुरांना मजुरी मिळवून दिली, लोक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी पाड्याला सांगितलंय, की नन पाणी शिंपडून धर्म बदलतात, तिकडे फिरकू नका. माणूस खोटा नाही. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही हेच सांगितलं असतंस, आणि जास्त चांगल्या शब्दांत.

विहीर आटली आहे. गेल्या आठवड्यात पाड्यात हगवण सुरू झाली. परवा सहा वर्षांची मुलगी गेली. तिच्या झोपडीपासून माझा दवाखाना तीनशे पावलांवर आहे आणि फळीवर सलाईनच्या चाळीस बाटल्या आहेत. मी दारात जाऊन उभी राहिले, मला आत घेतलं नाही. आज आणखी सहा मुलं आजारी आहेत. मीठ-साखरेचं पाणी करून दारोदार ठेवलं, ते ओतून दिलं. डहाणूच्या सरकारी इस्पितळाला निरोप धाडला, त्यांची जीप नादुरुस्त आहे.

मी खंडूंच्या घरी गेले. त्यांनी अदबीनं ऐकलं आणि म्हणाले, तुम्ही चांगल्या असाल, पण तुमच्या मागे रोम आहे. मी सांगितलं, की माझी सख्खी बहीण तुमच्या पक्षात आहे. ते हसले. पण मग म्हणाले, मुंबईच्या कॉम्रेडनं लिहून दिलं की ही बाई विश्वासाची, तर मी स्वतः पोरं उचलून आणतो.

म्हणून, बाय, मला तुझं शिफारसपत्र हवंय. तू निलंबित आहेस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते पाप माझ्या खात्यावर. हे पत्र डहाणू स्टेशनवर मुंबईला जाणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती देते, म्हणजे उद्या मिळेल. उशीर करू नकोस.

बेनी

*

नाहूर,
९ मे १९८६, दुपार

चि. बेनीस,

पत्र आत्ता हातात पडलं. हे उत्तर डहाणूला निघालेल्या एकाजवळ देते, मला रजेची सोय करून निघायचंय, म्हणून ते माझ्या चार-सहा तास आधी पोचेल. तेवढ्यात तयारी करून ठेव.

शिफारसपत्र देणार नाही. माझ्या पत्रावर शिक्का नाही, खंडू ते तालुक्याला तपासायला पाठवतील, तालुका जिल्ह्याला विचारेल, आणि निर्णय होईपर्यंत पोरं थांबणार नाहीत. तुमच्याकडची कार्यपद्धती तरी कुठे वेगळी असते. म्हणून मीच येते. निलंबित आहे हे खंडूंना मी तोंडावर सांगणार आहे. तू खोटं बोलायला नुकतीच शिकलीस, तुला ते जमत नाही.

तू एवढंच कर. खंडूंना आणि पाड्यातल्या जेवढ्यांना बोलावता येईल तेवढ्यांना दवाखान्याच्या दारात बोलाव. सगळ्यांच्या देखत मी आत येऊन खाटेवर पडेन आणि तू मला सलाईन लाव. मला काही झालेलं नाही, पण मे महिन्यात डहाणूपर्यंत जाणाऱ्या बाईला एक बाटली कुठलाही डॉक्टर देईल. मीठ-साखरेचं पाणीही तुझ्या हातून त्यांच्यासमोर पिईन. दार उघडं ठेव, प्रार्थना मनात कर, ओठ हलवू नकोस.

बाटली संपली की मी बाहेर येऊन पाड्याला ओरडून सांगेन, की मी आत गेले होते तेवढीच नास्तिक बाहेर आलेय. मग पोरांना आत घे.

येतेच.

रेजिना